एअर रायफलसाठी मापाचा स्टॉक बनवून घ्यायचा तर

माझ्या घरी माळ्यावर सागवानाचा एक स्टॉक, म्हणजे रायफलचा दस्ता, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला आहे. दिसायला देखणा. लाकूड बल्लारशाचं, रेषा अशा की येणारा-जाणारा हात फिरवतोच. त्यावर मी जेमतेम चार महिने नेम धरला. कारागिराचा काही दोष नव्हता. मी दिलेल्या मापाबरहुकूम त्याने काम केलं होतं. मापंच चुकली होती, कारण ती घेताना मी घरच्या हॉलमध्ये, अंगात टी-शर्ट आणि पायात चपला अशा अवतारात उभा होतो. नेमबाजीचं जॅकेट चढवून रेंजवर उभा राहिलो तेव्हा तोच स्टॉक जवळपास सेंटिमीटरभर लांब निघाला आणि गाल टेकवायला मान पुढे काढावी लागायला लागली.

दुसरा स्टॉक बनवून घेताना मी लाकडाचा विचार सगळ्यात शेवटी केला. नागपुरात राहून १० मीटर एअर रायफलसाठी मापाचा स्टॉक करून घ्यायचा असेल तर काय, कुठल्या क्रमाने करावं ते इथे लिहितो आहे. मी उजव्या हाताने नेम धरतो, त्यामुळे सगळं वर्णन त्या अंगाने आहे. डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.

खरंच नवा स्टॉक हवा आहे का?

हा प्रश्न टाळून पुढे जाऊ नका. आज फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, आनशुट्झ, श्टायर यांच्या ॲल्युमिनियम स्टॉकच्या रायफलींमध्ये बट प्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी), चीकपीस (गाल टेकवायचा भाग), ग्रिप (ट्रिगरच्या हाताची मूठ), फोरएंड (डाव्या हातावर तोलायचा पुढचा भाग) सगळंच सरकतं. अशी रायफल हातात असेल तर निम्म्याहून जास्त जणांना नव्या स्टॉकची नाही, एका निवांत दुपारची आणि ॲलन कीच्या संचाची गरज असते. आधी तेवढं करून पाहा.

मापाचा स्टॉक लागतो तो साधारण तीन प्रकारच्या लोकांना. एक, ज्यांच्याकडे जुनी लाकडी स्टॉकची रायफल आहे, यंत्रणा ठणठणीत आहे, पण स्टॉक कुणा दुसऱ्याच्या अंगाचा आहे. दोन, ज्यांच्या रायफलचं कुठलंतरी समायोजन खाचेच्या टोकाला जाऊन अडकलंय आणि तरी मान, मनगट किंवा खांदा तक्रार करतोय. तीन, डावखुरे, फार उंच, फार बुटके किंवा लहान हाताचे. बाजारात मिळणारा माल ज्यांना नेहमीच थोडा आखूड किंवा ढगळ होतो, असे.

आणि पालकांसाठी स्पष्ट सांगतो: तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला मापाचा स्टॉक करून देऊ नका. दिवाळीला मापात असलेली पोर उन्हाळ्यापर्यंत दोन बोटं वाढते. त्या वयात सरकणारा स्टॉकच योग्य.

पूर्ण स्टॉकऐवजी एकच भाग बदलून काम होतंय का हेही बघा. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त फरक ग्रिपने पडतो, मग चीकपीसने, मग बट प्लेटने. जर्मनीचे रिंक हाताच्या आराखड्यावरून ग्रिप बनवून देतात. एमईसी या जर्मन कंपनीचे सुटे भाग तर रेंजवर दर दुसऱ्या रायफलीवर दिसतात. बाहेरून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच हिशोब करा, नुसत्या किमतीवर जाऊ नका.

नियमाची चौकट आधी

कारागिराकडे जाण्यापूर्वी आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या, नियमावलीतला रायफलच्या मापांचा तक्ता छापून घ्या. ही नियमावली अधूनमधून सुधारली जाते, म्हणून ती संघटनेच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या. मित्राच्या मोबाईलमध्ये तीन वर्षांपूर्वीची पडलेली असते, ती नको.

एअर रायफलसाठी डोक्यात पक्के बसवायचे आकडे असे. साइटसकट (साइट म्हणजे नेम साधायची साधनं) वजन ५.५ किलोपर्यंत. यंत्रणेच्या मागच्या टोकापासून नळीच्या दिसणाऱ्या तोंडापर्यंत लांबी ८५० मिमीपर्यंत. उभ्या मापांचा सगळा हिशोब नळीच्या मध्यरेषेपासून खाली: फोरएंडची खोली १२० मिमी, पिस्तूल ग्रिपचं खालचं टोक १६० मिमी, बट प्लेटचं खालचं टोक २२० मिमी. फोरएंडची रुंदी ६० मिमी. चीकपीस मध्यरेषेपासून बाजूला ४० मिमीपर्यंत. बट प्लेटची लांबी १५३ मिमी आणि तिच्या वळणाची खोली २० मिमी. नळीवरची वजनं मध्यापासून ३० मिमीच्या आत. अंगठ्याचं भोक, अंगठ्याला टेका, तळहाताचा टेका, स्पिरिट लेव्हल हे सगळं या प्रकारात चालत नाही. ग्रिप किंवा फोरएंडवर पकड वाढवणारं काही चिकटवणंही नाही.

हे का सांगतोय? कारण आपला लाकूडकाम करणारा मिस्त्री कितीही हुशार असला तरी त्याला हे माहीत असण्याचं कारण नाही. आणि उपकरण तपासणीच्या टेबलावर १२२ मिमीचा फोरएंड निघाला तर ऐन स्पर्धेच्या सकाळी कानस कुठे शोधणार? मी प्रत्येक कमाल मापात २ मिमी आत राहतो. पॉलिशचा थर, मोजणाऱ्याचा हात, पावसाळ्यात फुगलेलं लाकूड, सगळं त्या दोन मिलिमीटरमध्ये जिरतं.

माप तुमचं नाही, तुमच्या उभं राहण्याचं

आमचे सर एक वाक्य दर आठवड्याला ऐकवत: "आधी हाडांवर उभा राहायला शीक, मग लाकूड घे." तेव्हा ते मला टाळाटाळ वाटायचं. आज कळतं की स्टॉक तुमची पोझिशन घडवत नाही. आहे ती पोझिशन पकडून ठेवतो, चुकीची असेल तर चुकीचीच. म्हणून निदान वर्षभर उभं राहणं स्थिर झाल्याशिवाय, म्हणजे पायांतलं अंतर, कमरेचा कल, डाव्या कोपराची जागा रोज बदलत नाही असं झाल्याशिवाय, मापं घेऊ नका.

मापं घेण्याच्या दिवशी स्पर्धेचा पूर्ण पोशाख चढवा. जॅकेट, पँट, बूट, हातमोजा, आत घालता तोच स्वेटर किंवा बनियन. नियमाप्रमाणे जॅकेटचं कापड एकपदरी २.५ मिमी जाडीपर्यंत असतं, पण खांद्यावर ते दुमडतं, चुरगळतं आणि वर पट्टी असते. टी-शर्टवरचं माप तिथेच फसतं. शक्यतो नेहमीचा सराव झाल्यावर, अर्धा-पाऊण तास नेम धरून अंग मोकळं झाल्यावर मापं घ्या. सकाळी आल्या आल्या माणूस ताठ असतो, साठ शॉट झाल्यावर तो खरा दिसतो.

मग एक मदतनीस हवा. बायको, भाऊ, रेंजवरचा मित्र, कुणीही चालेल, पण ज्याला "जरा थांब" म्हटलं की राग येत नाही असा. पद्धत अशी: आहे त्या रायफलीवर उभे राहा, डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, मान सरळ ठेवून गाल जिथे सहज येईल तिथे येऊ द्या, दहा सेकंद तशीच धरा आणि मग डोळे उघडा. नजर साइटच्या भोकातून जात नसेल तर नजर साइटकडे नेऊ नका. मदतनिसाला विचारा, डोळा किती वर, किती बाजूला आहे. हा फरक म्हणजेच तुमच्या नव्या स्टॉकचं माप. असं दहा वेळा करा, दहाही आकडे लिहा. पहिले तीन-चार भलतेच निघतील. शेवटचे पाच-सहा एकमेकांजवळ आले नाहीत तर समजा की पोझिशन अजून पिकलेली नाही, आणि महिनाभराने पुन्हा या.

फोटो काढाच. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी. मोबाईल नळीच्या उंचीवर ठेवा आणि चार-पाच मीटर लांबून झूम करून काढा. जवळून काढला की हात लांब आणि डोकं मोठं दिसतं आणि कारागीर त्यावरून चुकतो. मागे भिंतीला ओळंबा लटकवा. सुताराकडचा पितळी असेल तर उत्तम, नसेल तर दोऱ्याला नट बांधा. फरशीच्या रेषांवर पाय ठेवले तर पावलांचा कोनही आपोआप नोंदला जातो.

आता एकेक माप.

ट्रिगर ते बट प्लेट. कोपर काटकोनात वाकवून बट कोपराच्या खळग्यात ठेवायची आणि पहिलं बोट ट्रिगरवर येतं का बघायचं, ही दुकानातली पद्धत फक्त अंदाजासाठी. खरं माप डोळे मिटून धरलेल्या रायफलीवरच निघतं. उजवा खांदा पुढे ओढला जात असेल तर आखूड, कोपर मागे सटकत असेल तर लांब.

बट प्लेटची उंची. उभ्याने नेम धरताना बट खांद्याच्या खोबणीत नाही, बरीचशी बाहुटा आणि खांदा जिथे मिळतात तिथे बसते. ती किती खाली उतरते, कुठल्या बाजूला कलते, हे प्रत्येकाचं निराळं. डोकं सरळ ठेवायचं तर रायफल वर आली पाहिजे, आणि रायफल वर यायची तर बट प्लेट खाली उतरली पाहिजे. आपल्याकडे बहुतेक जण हे उलटं करतात: बट आहे तिथेच ठेवतात आणि डोकं खाली नेतात. डोकं कललं की कानातलं तोल सांभाळणारं यंत्रही कलतं आणि तासाभराने शरीर डुलायला लागतं.

चीकपीस. दोन मापं: मध्यरेषेपासून उंची आणि बाजूची जाडी. गाल दाबायचा नाही, डोक्याचं वजन अलगद ठेवायचं. चेहरा रुंद असेल तर चीकपीस पातळ लागतो. त्याच जोडीने डोळा आणि मागच्या साइटमधलं अंतर लिहून ठेवा, कारण लांबी बदलली की हे अंतर बदलतं आणि मग साइटमधलं गोल चित्र पूर्वीपेक्षा वेगळंच दिसायला लागतं.

फोरएंड. डावं कोपर कमरेच्या हाडावर, पुढचा हात शक्य तितका उभा, आणि वर मूठ, बोटांचं इंग्रजी व्ही किंवा उघडा तळवा. या तिन्हींत उंचीचा फरक मोठा असतो. मूठ करणाऱ्याला फोरएंड उथळ लागतो, तळव्यावर धरणाऱ्याला खोल. ज्यांचा पुढचा हात आखूड आणि धड लांब त्यांना १२० मिमीची मर्यादा आड येते. अशांनी फोरएंड आणखी खोल मागण्यापेक्षा हाताची ठेवण बदलून किंवा साइट थोड्या उंच करून पाहावं.

हात. कागदावर उजवा पंजा बोटं किंचित फाकवून ठेवा आणि पेन्सिल उभी धरून आराखडा काढा. तळव्याची रुंदी, मधल्या बोटाची लांबी, आणि अंगठा व पहिल्या बोटाच्या बेचक्यापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर यावा आणि ट्रिगर सरळ मागे जावा. बेचका मागे असेल तर बोट ट्रिगर बाजूला ओढतं आणि शॉट आडवे पसरतात.

शाडूचा प्रयोग आणि एम-सीलचा शहाणपणा

कागदावरची मापं घेऊन सरळ लाकडाकडे जाऊ नका. मध्ये एक कच्चा नमुना करा आणि त्यावर निदान तीन आठवडे सराव करा. माझ्या मते खर्च वाचवणारी पायरी हीच.

जुन्या स्टॉकवरच थर चढवायचा. बट प्लेटखाली प्लायच्या पट्ट्या, चीकपीसवर थर्माकोल आणि त्यावर कागदी टेप, फोरएंडखाली प्लायचा ठोकळा, दुहेरी टेपने घट्ट. ग्रिपसाठी मी पहिल्यांदा मूर्तिकारांच्या चितार ओळीतून शाडू आणली. गणपतीची मूर्ती इतकी सुबक होते तर ग्रिप का नाही, असा माझा हिशोब. ओली असताना हातात अशी बसली की मला वाटलं, झालं काम. आठवड्याने वाळली, भेगा पडल्या, आणि आकसून ग्रिप एक बोटभर बारीक झाली. वर तिच्यावरून घेतलेली मापं मी कारागिराला आधीच पाठवून बसलो होतो. शाडू वाळली की आकसते हे चितार ओळीतलं शेंबडं पोरगंही सांगेल, मला मात्र अनुभवानेच कळायचं होतं.

दुसऱ्यांदा एम-सील वापरलं. लाकडी ग्रिपवर थोडं मळून लावायचं, हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळायची, पकड घ्यायची, घट्ट झालं की कानशीने घासायचं. कमी पडलं तर आणखी, जास्त झालं तर घासा. अशा चार-पाच फेऱ्या होतात. रायफलचा मूळ स्टॉक असा खराब करायचा नसेल, आणि करू नये कारण रायफल विकताना तो लागतो, तर फक्त सुटी ग्रिप वेगळी मिळवा किंवा लाकडाची एक ओबडधोबड करून घ्या.

त्रिमितीय छपाई करून देणारे आता नागपुरातही आहेत आणि नमुन्यासाठी ती सोय चांगलीच. एक सावधगिरी मात्र पक्की: पीएलए जातीचं प्लॅस्टिक नको. ते साधारण ६० अंशाला मऊ पडायला लागतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत ते सहज होतं. पीईटीजी सांगा, ते ८० अंशांच्या आसपास टिकतं. गाडीचा विषय निघालाच म्हणून: रायफलचा हवेचा सिलिंडरही गाडीत सोडू नका. २५ अंशाला २०० बार भरलेली हवा ६५ अंशाला सुमारे २२७ बार होते.

लाकूड, ॲल्युमिनियम आणि नागपूरचा उन्हाळा

लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, आडवं मात्र फुगतं आणि आकसतं. नागपुरात हा खेळ टोकाचा असतो. मेमध्ये पारा ४५ पार आणि हवा कोरडी ठणठणीत, जुलैत भिंतीला बुरशी. त्यात आपण कूलर लावतो. कूलरच्या झोतासमोरची खोली म्हणजे भर मेमध्ये पावसाळा. माझ्या पहिल्या स्टॉकचा नळीभोवतीचा गाळा, म्हणजे कोरलेली खाच, असाच एका उन्हाळ्यात बदलला. रायफल कूलरच्या खोलीत ठेवू नका, आणि ठेवावीच लागली तर बंद केसमध्ये.

सागवान आपल्या विदर्भाचं, त्यामुळे पहिली ओढ तिकडेच जाते. नव्या संसद भवनातही ते गेलंय, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांनाही बल्लारशाचंच. लाकूड म्हणून ते खरंच स्थिर, हलकं, वाळवीला दाद न देणारं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे जोड चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसावा लागतो, नाहीतर इपॉक्सी सुटतं. आणि त्यात वाळूसारखी सिलिका असते, ती पटाशीची धार खाते. बारीक काम करणारा कारागीर म्हणूनच सागवानावर कुरकुरतो. शिसम देखणं पण जड. अक्रोड जगभर बंदुकीच्या स्टॉकचं लाडकं लाकूड, चांगला कोरडा ठोकळा मिळाला तर मी तेच घेईन. दिसण्याची हौस बाजूला ठेवता येत असेल तर बीच किंवा बर्चचे थर चिकटवून केलेला ठोकळा सर्वांत शहाणा. थरांच्या रेषा एकमेकींना धरून ठेवतात, हवामानाने फार हलत नाही.

वजनाचा साधा हिशोब करा. तयार स्टॉकचं आकारमान समजा दीड लिटर. सागवान लिटरला सुमारे ६५० ग्रॅम, म्हणजे साधारण ९७५ ग्रॅम. शिसम ८०० धरलं तर १२०० ग्रॅम. यंत्रणा, नळी, भरलेला सिलिंडर, साइट यांचं वजन स्वतः काट्यावर घ्या आणि बेरीज ५.५ किलोच्या तीन-चारशे ग्रॅम खाली ठेवा. मग ते तीन-चारशे ग्रॅम वजनाच्या तुकड्यांनी हवं तिथे घालता येतात. पुढे घातलं तर रायफल संथ होते, मागे घातलं तर चपळ. हा तोल लाकडात कोरून आणायला जाऊ नका, तो नंतर जमवायचा असतो.

लाकूड लकडगंजात बघायला गेलात तर ओलावा मोजायचं यंत्र बरोबर न्या किंवा त्यांच्याकडचं मागा. १० ते १२ टक्क्यांच्या वर असेल तर तो ठोकळा आणून घरी सावलीत, टोकांना मेण लावून, दोन-तीन महिने पडू द्या. रेषा ग्रिपच्या अरुंद गळ्यातून आडव्या कापल्या जात नाहीत ना ते बघा. स्टॉक तुटला तर तिथेच तुटतो.

ॲल्युमिनियमची चौकट करून घ्यायची असेल तर हिंगणा एमआयडीसीत सीएनसी यंत्रावर एक-दोन नग करून देणारी छोटी वर्कशॉप शोधावी लागतात. मोठे लोक एका नगासाठी यंत्र थांबवत नाहीत. ६०६१ किंवा ६०८२ जातीचं ॲल्युमिनियम सांगा, कडा गोल करून घ्या, ॲनोडायझिंग करा. ग्रिप आणि चीकपीस तरीही लाकडाचेच ठेवा. मेमध्ये तापलेलं आणि डिसेंबरात गारठलेलं ॲल्युमिनियम गालाला लावून बघा म्हणजे कळेल.

कारागिराशी बोलणी

नागपुरात बंदुकीचे स्टॉक करणारा म्हणून पाटी लावलेला माणूस शोधत बसू नका. तुम्हाला हवा आहे कोरीवकामाचा हात असलेला मिस्त्री, जो देव्हारे, दारांची नक्षी, वाद्यं असं काहीतरी करतो. माझा दुसरा स्टॉक ज्यांनी केला ते देव्हारे करणारे. पहिल्या दिवशी माझी मापं बघून म्हणाले, "भाऊ, इतकं वाकडंतिकडं काहून पाह्यजे? सरळ करून देऊ का?" हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण सुताराचा डोळा आपोआप समतोलाकडे जातो. तुम्ही सांगितलं नाही तर तो तुमची वाकडी बट प्लेट प्रेमाने सरळ करून ठेवेल. त्यांना मी रेंजवर नेलं, जॅकेट घालून उभा राहिलो, वीस मिनिटं बघू दिलं. परत येताना म्हणाले, "आता समजलं. ह्ये बंदुकीचं नाय, अंगाचं माप हाय." त्यानंतर मला काही समजवावं लागलं नाही.

रायफल कारागिराकडे सोडायची नाही. यंत्रणा, नळी, सिलिंडर घरी. त्याला द्यायचा तो जुना स्टॉक, कारण यंत्रणेच्या गाळ्याचा त्याच्याइतका बिनचूक नकाशा दुसरा नाही. स्क्रूंची भोकं, ट्रिगरची खाच, सिलिंडरची जागा, लिव्हरची मोकळीक सगळं त्यात आहे. शेवटची बसवणी करताना रायफल घेऊन तुम्ही स्वतः समोर बसा. पावती आणि ओळखपत्राची प्रत रायफलच्या केसमध्येच असू द्या.

ऑर्डर कागदावर लिहून द्या, व्हॉट्सॲपवरच्या आवाजी निरोपावर नाही. कागदावर काय असावं: प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये आणि ते कुठून मोजलंय याचं रेखाचित्र, किती फरक चालेल (ग्रिपला अर्धा, बाकीला एक मिमी पुरे), कुठला भाग सरकता, किती सरकता, लाकूड कुठलं आणि ते कोण आणणार, पॉलिश कुठलं, नमुन्याचे फोटो. आणि एक ओळ ठळक: "ग्रिप आणि चीकपीस दोन मिमी जाड ठेवणे, घासणी समोर बसून." लाकूड काढता येतं, घालता येत नाही.

पैसे तीन टप्प्यांत: ठोकळा कापताना, यंत्रणा बसताना, आणि अंगावर बसल्यावर. कारागिराच्या वेळेचा मान ठेवा. पहिलाच स्टॉक करत असेल तर त्याने सांगितलेल्या मुदतीत निम्मी भर घाला आणि त्यावर घासाघीस करू नका. राज्य स्पर्धा किंवा मावळणकर नेमबाजी स्पर्धा तोंडावर असेल तर ऑर्डरच देऊ नका. नव्या स्टॉकवर जिल्ह्याला सुद्धा दोन महिन्यांच्या आत उतरू नये.

यंत्रणा बसवताना

इथे मिस्त्रीचं काम संपतं आणि थोडं यांत्रिकी सुरू होतं. यंत्रणा नुसत्या लाकडावर आवळू नका. लाकूड दबतं आणि महिन्याभरात स्क्रू सैल. स्क्रूच्या भोकात ॲल्युमिनियमच्या नळकांड्या बसवा, त्यांवर यंत्रणा टेकेल अशा. भोवती इपॉक्सीचा पातळ थर, आणि यंत्रणेला चिकटू नये म्हणून तिच्यावर आधी मेण किंवा बुटाचं पॉलिश दोनदा. हे विसरलात तर रायफल आणि स्टॉक जन्मभराचे एक होतात.

नळी आणि सिलिंडर कुठेही स्टॉकला लागता कामा नयेत. शंभराची नोट दुमडून नळीखालून आणि सिलिंडरभोवती पूर्ण सरकली पाहिजे. सिलिंडर भरलेला असतानाच ही तपासणी करा, कारण दाबाने तो किंचित फुगतो. रिकाम्या सिलिंडरवर पास झालेला स्टॉक भरल्यावर घासतो आणि सिलिंडर रिकामा होत जाईल तसा नेम सरकतो. माणूस पेलेट बदलतो, साइट बदलतो, स्वतःला शिव्या देतो, आणि दोष असतो तिथे खाली. सिलिंडर स्टॉक न काढता निघतो ना आणि दाबाचा काटा दिसतो ना, हेही तेव्हाच बघा.

स्क्रू रायफलच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळा. टॉर्कचा पाना महाग वाटला तर सायकलवाल्यांकडे छोट्या मापाचा मिळतो. गाळ्याच्या आतली बाजू आणि लाकडाची कापलेली टोकं पॉलिशने बंद करायला विसरू नका. बाहेर काचेसारखं आणि आत कोरं ठेवलं तर पावसाळा आतून शिरतो.

पहिले काही आठवडे

जुन्या स्टॉकवर शिकंजात धरून काढलेले दहा-दहा शॉटचे चार-पाच कागद तुमच्याकडे आधीपासून असायला हवेत. तेच पेलेट, तोच शिकंजा, नवा स्टॉक. गठ्ठा, म्हणजे शॉटच्या भोकांचा पुंजका, पसरला तर बसवणीत दोष आहे, हात लावू नका, आधी तो शोधा. गठ्ठा तसाच असेल तर मग उभे राहा.

पहिले दोन आठवडे गुण मोजायचे नाहीत. इलेक्ट्रॉनिक टार्गेटचा पडदा बंद ठेवता आला तर छानच. डोळे मिटून धरा, उघडा, नेम कुठे आहे बघा. कोऱ्या भिंतीसमोर नुसता ट्रिगर ओढा. दुखणारी जागा लिहून ठेवा: कुठे, कितव्या शॉटला. पहिल्या शॉटपासून दुखतं ते मापाचं, चाळिसाव्या शॉटला दुखतं ते बहुधा तुमचं. प्रत्येक सरकत्या भागावर पेन्सिलने खूण करा, तारीख घाला, आणि एका वेळी एकच गोष्ट, तीही एक मिलिमीटर बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

घासणीसाठी मिस्त्रींकडे मी एकूण चार वेळा गेलो. शेवटच्या वेळी त्यांनी चीकपीसवरून पॉलिश पेपर दोनदा फिरवला, मी गाल टेकवला, ते बघत राहिले, आणि पेपर खिशात घालून चहा सांगितला. पॉलिश त्यानंतर, नवरात्रात केलं. पावसाळा ओसरून हवा सुकू दिल्यावर.